फी माफ झाली, मेसचं बिल कोण भरणार?

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने एक आदेश काढला. ज्या घरांचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, अशा आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. परीक्षा शुल्कही माफ. निर्णय चांगलाच होता. पण औसा किंवा गेवराई तालुक्यातल्या एखाद्या मुलीचा पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला, की घरात रात्री जो हिशेब मांडला जातो त्यात फी ही एकच ओळ असते. खाली बरंच काही असतं: कॉट बेसिसवर जागा, तिचं डिपॉझिट, दोन वेळचा डबा, अभ्यासिका, झेरॉक्स, रिचार्ज, सणावाराला घरी यायचं तिकीट. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे म्हणून तेवढं तरी हलकं. बाकी कितीही हात आखडला तरी पुण्यात महिन्याचं सात-आठ हजारांच्या खाली भागत नाही. हे पैसे दर महिन्याला लागतात, आणि फीमाफीच्या आदेशात त्यांचा उल्लेख नसतो.

म्हणून आधी तीन गोष्टी वेगळ्या करू, कारण चर्चेत त्यांची नेहमी खिचडी होते. फीमाफी म्हणजे कॉलेजला जाणारा पैसा सरकारने भरणं किंवा सोडून देणं. गुणवत्ता शिष्यवृत्ती म्हणजे चांगल्या मार्कांचं बक्षीस. आणि निर्वाह भत्ता म्हणजे शिकत असताना माणूस जगावा म्हणून त्याच्या हातात दिलेला नियमित पैसा. वाद पेटतो तो या तिसऱ्यावर. ‘शिकायचे पैसे सरकारने का द्यायचे? शिकून नोकरी यांना लागणार, पगार हे खाणार.’

गंमत अशी, की सरकार असे पैसे कित्येक वर्षं देतंच आहे. गेट परीक्षा पास होऊन आयआयटीत एमटेकला गेलेल्या विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये मिळतात. वडील शेतमजूर आहेत की सचिव, हे कोणी विचारत नाही. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळवणाऱ्याला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. त्याला आपण फुकटचं म्हणत नाही, देशाची गुंतवणूक म्हणतो. उलट बार्टी, सारथी, महाज्योती या अनुक्रमे अनुसूचित जाती, मराठा आणि ओबीसी विद्यार्थ्यांसाठीच्या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपचा विषय निघाला की सूर बदलतो. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, सारथीच्या फेलोशिपवर बोलताना, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ‘पीएचडी करून काय दिवे लावणार?’ असा सवाल केला. त्यावरून गदारोळ झाला आणि त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. पण तो सवाल एकट्या त्यांच्या मनात नव्हता. चहाच्या टपरीवर तो रोज ऐकू येतो. वर दिले की गुंतवणूक, खाली दिले की खैरात, असं काहीसं आपलं गणित झालंय.

मुळात ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी खालच्या थरातल्या मुलांना शाळेची गोडी लागावी म्हणून शिष्यवृत्त्या आणि सहामाही-वार्षिक बक्षिसं द्यावीत, अशी मागणी केली होती. पोटाला हातभार लागल्याशिवाय गरीब बाप पोर शाळेत धाडणार नाही, हे त्यांना दिसत होतं. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला बीएसाठी दरमहा २५ रुपये दिले. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड दिले. बदल्यात अट होती: परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी.

या गोष्टीचा पुढचा भाग आपण कमी सांगतो. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये बाबासाहेबांना कोलंबियानंतर सुरू केलेलं लंडनचं शिक्षण अर्ध्यावर सोडून परत यावं लागलं. बुद्धी तीच होती, प्रवेश झालेला होता, महिन्याचा पैसा थांबला होता. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज अशी जमवाजमव करून. त्यांच्यासारख्यालाही मधली तीन वर्षं गमवावी लागली. ज्याच्या मागे ना महाराज ना मित्र, त्याचं शिक्षण एकदा सुटलं की सुटलंच.

दुसरा रस्ता कर्मवीर भाऊराव पाटलांचा. १९१९ मध्ये सुरू झालेल्या रयत शिक्षण संस्थेने मुलांना वसतिगृहात राहून, श्रम करून शिकायला लावलं. ‘कमवा आणि शिका’ ही योजना आजही विद्यापीठांत आहे. भत्त्याचे विरोधक तिचं उदाहरण हमखास देतात. त्यात तथ्य आहे, श्रमाची लाज जाते. पण कॅम्पसमधलं दोन-तीन तासांचं काम आणि रात्रभर कंपनीत पॅकिंग करून सकाळी लेक्चरला पेंगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज बहुतेकांच्या वाट्याला दुसरी येते.

आता अर्थशास्त्राचा मुद्दा, जो खरं तर कुठल्याही खेड्यातल्या आईला पाठ असतो. शिक्षणाचा खर्च म्हणजे फक्त जे भरावं लागतं ते नाही. जे मिळायचं बुडतं, तेही. महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होता. अठरा वर्षांच्या मुलाने महिन्यात पंचवीस दिवस या दराने मजुरी केली असं धरलं, तर ७,८०० रुपये होतात. रोजगार हमीचं काम वर्षभर मिळत नाही, हे खरं. पण बाजारात मजुरीचा दर याहून खाली क्वचितच असतो. म्हणजे मुलगा कॉलेजात बसला की घराला दोन्हीकडून झळ: तो आणणार होता ते पैसे गेले, आणि त्याच्यासाठी वर पाठवावे लागतात ते वेगळे. बीडच्या ऊसतोड कुटुंबांत हे आणखी लवकर सुरू होतं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरलेला असतो, आणि तेरा-चौदा वर्षांची पोर धाकट्या भावंडांना सांभाळायला फडावर लागते. तिच्या शाळेची फी शून्य आहे. तरी शाळा तिला परवडत नाही.

मग पैसे दिल्याने खरंच फरक पडतो का? यावर जगात बऱ्यापैकी अभ्यास झालाय. मेक्सिकोने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ नावाची योजना आणली. मुलं शाळेत जात राहिली तर आईच्या हातात पैसे. इयत्ता वाढेल तशी रक्कम वाढायची, कारण मूल मोठं झालं की त्याची बुडणारी मजुरीही वाढते. माध्यमिकला मुलींना मुलांपेक्षा जास्त, कारण त्यांचीच शाळा आधी सुटायची. योजना टप्प्याटप्प्याने लागू करताना पाचशेच्या वर गावं निवडली होती. काहींना आधी, काहींना नंतर. त्यामुळे तुलना करता आली. प्राथमिक शाळेत फारसा फरक पडला नाही, तिथे मुलं तशीही जात होती. फरक दिसला तो प्राथमिक संपून माध्यमिकला जाताना, जिथे गळती होती नेमकी तिथे.

इंग्लंडने २००४ पासून सोळा ते अठरा वयाच्या गरीब घरच्या मुलांना आठवड्याला १० ते ३० पौंड द्यायला सुरुवात केली. त्याआधी ज्या भागांत प्रयोग झाला होता, तिथे दहावीनंतर शिकत राहणाऱ्यांचं प्रमाण शंभरात चार-पाचने वाढलं होतं. पण पुढे एका पाहणीत भत्ता घेणाऱ्यांपैकी शंभरातल्या जेमतेम बारा जणांनी सांगितलं, की हे पैसे नसते तर आम्ही शिक्षण सोडलं असतं. नव्या सरकारला काटकसर करायची होतीच. उरलेल्या अठ्ठ्याऐंशींना उगाच पैसे दिले, असा निष्कर्ष काढून २०१० मध्ये योजना बंद करण्याची घोषणा झाली. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये ती चालू राहिली.

हा ‘उगाच दिले’चा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे आणि तो उडवून लावू नये. कुठल्याही सवलतीत काही पैसा अशांकडे जातोच ज्यांचं त्यावाचून अडलं नसतं. पण त्या अठ्ठ्याऐंशींच्या आयुष्यात काहीच बदललं नाही, असं म्हणणं घाईचं आहे. भत्त्यामुळे कोणी रात्रपाळी सोडली असेल, कोणी पुस्तकं घेतली असतील, कोणी नापास व्हायचं टळलं असेल. ‘शिक्षण सोडलं असतं का?’ या एका प्रश्नात ते पकडता येत नाही. शिवाय शिकत राहिलेल्या त्या बारांची पुढची कमाई जमेस धरली तर योजनेचा खर्च निघू शकतो, असा हिशेब इंग्लंडमधल्याच अर्थतज्ज्ञांनी मांडला होता.

सगळ्यांना सरसकट द्यायचं टोक पाहायचं असेल तर डेन्मार्क पाहावं. तिथे घराबाहेर राहून उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला आईवडिलांची कमाई न पाहता दरमहा सुमारे सात हजार क्रोनर मिळतात. त्यावर करही लागतो. वर ट्यूशन फी नाही. तरीही जेम्स हेकमन आणि रास्मुस लँडर्सो या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये दाखवलं, की आईवडिलांचं शिक्षण आणि मुलांचं शिक्षण यांतलं नातं डेन्मार्कमध्येही जवळपास अमेरिकेइतकंच घट्ट आहे. कमी शिकलेल्यांची मुलं तिथेही मागे राहतात. कारण कॉलेजचा भत्ता कॉलेजच्या दारापर्यंत पोचलेल्यांनाच मिळतो, आणि गळती त्याच्या खूप आधी झालेली असते. सरसकट भत्त्याबद्दल मी साशंक आहे तो यामुळेच. कोथरूडच्या डॉक्टरांच्या मुलाला पाच हजार देण्याआधी आठवी-नववीत शाळा सोडणाऱ्या मुलीकडे पैसा वळवावा.

आणि पैसा कशावरही खर्चायला मोकळा असला पाहिजे असंही नाही. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना फक्त सायकल घ्यायला पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात माध्यमिकला जाणाऱ्या त्या वयाच्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. अडचण शाळा लांब असण्याची होती, तिथे सायकल कामाला आली. अडचण खोलीभाड्याची असेल तर सायकल काय कामाची?

अटी लावाव्यात का, हा पुढचा प्रश्न. मलावी देशात एक नमुनेदार प्रयोग झाला. काही मुलींना शाळेत हजर राहण्याच्या अटीवर पैसे, काहींना बिनशर्त. हजेरी आणि अभ्यास अटवाल्या गटात सुधारला. पण ज्यांची शाळा तरीही सुटली, त्यांच्यात लवकर लग्न आणि गरोदरपण कमी झालं ते बिनशर्तवाल्या गटात. अट मोडली की ज्या मुलीला आधाराची सर्वांत जास्त गरज, तिचाच आधार जातो. नॉर्वेने वेगळा तोडगा काढलाय. पैसे आधी कर्ज म्हणून मिळतात. परीक्षा पास होत गेलं आणि पदवी पुरी झाली की त्यातलं जास्तीत जास्त ४० टक्के माफ होतं. हा मार्ग मला पटतो, पण आपल्याकडे पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याच्या घरी ‘कर्ज’ म्हटलं की बाप हात जोडतो, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्याकडे काय आहे? अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, २०१६-१७ पासून. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. गाव लहान तशी रक्कम कमी. आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयम् योजना, ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख योजना. म्हणजे ‘द्यावेत का’ याचं उत्तर महाराष्ट्राने कधीच होकारार्थी देऊन ठेवलंय. खरी अडचण पैसे कसे आणि कधी येतात, यात आहे.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरलेला कोणीही पुढचा प्रवास सांगेल. उत्पन्नाचा दाखला काढायला सेतू केंद्र. त्याआधी तलाठ्याचा अहवाल. दाखल्यावर वडिलांचं नाव ‘बाळू’ आणि आधारवर ‘बाळासाहेब’, की थांबलं. अर्ज भरला की तो कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथला क्लार्क प्रवेशाच्या गर्दीत बुडालेला असतो. मग जिल्ह्याचं समाजकल्याण कार्यालय. पोर्टल उघडलं की एकच शब्द: ‘अंडर स्क्रुटिनी’. कधी अर्ज ‘सेंट बॅक’ होतो, कशासाठी ते एका ओळीत, आणि तो आल्याचा मेसेज येत नाही. सगळं मंजूर झालं तरी व्हाउचर स्वतः ‘रिडीम’ करावं लागतं. ते माहीत नसलेले तसेच वाट बघत बसतात. शेवटी पैसा आधारशी जोडलेल्या खात्यावर पडतो, आणि आधार आईच्या आग्रहाने पूर्वी उघडलेल्या, आता बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं असतं.

या सगळ्यात जून-जुलैत सुरू झालेल्या वर्षाचा पहिला हप्ता फेब्रुवारी-मार्चमध्ये आला, तर त्याला भत्ता म्हणायचं कसं? तोवर घरमालकाला आठ महिन्यांचं भाडं गेलेलं असतं. कुणाकडून उसने, पतसंस्थेकडून कर्ज, आईचं मंगळसूत्र गहाण. ज्यांना असं जमतं ते टिकतात आणि मार्चमध्ये पैसे मिळवतात. ज्यांना जमत नाही ते दिवाळीला घरी जातात आणि परत येत नाहीत. मग त्यांचा अर्ज ‘हजेरी ७५ टक्के नाही’ म्हणून नामंजूर होतो. पेरणी करपून गेल्यावर पाऊस पडावा, तसला हा प्रकार. आकडेवारीत मात्र लाभार्थ्यांचा निकाल उत्तम दिसतो, कारण जे गळाले ते लाभार्थी झालेच नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की रक्कम वाढवण्याआधी तारीख पाळा. वर्षाचे ६०,००० एकदम मार्चमध्ये देण्यापेक्षा दर महिन्याच्या पाच तारखेला ४,५०० दिले तरी विद्यार्थी जास्त टिकतील. प्रवेश झाल्याबरोबर पहिले दोन महिने विनाचौकशी द्या, पडताळणी नंतर करा. काही जण फसवतील. ती फसवणूक दोन महिन्यांपुरती राहील. डिसेंबरात गळालेला मुलगा कायमचा जातो.

पात्रतेचा घोळही कमी करता येतो. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये ‘पुदुमै पेण’ योजना सुरू केली. सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेली मुलगी पुढे कॉलेजला गेली की तिला दरमहा १,००० रुपये. २०२४ मध्ये मुलांसाठीही तशीच योजना आली. रक्कम छोटी आहे, पण निकष बघा: सधन घरची मुलं सरकारी शाळेत सहसा जातच नाहीत, त्यामुळे शाळेचा दाखला हाच उत्पन्नाचा पुरावा ठरतो. महाराष्ट्रात तो जसाच्या तसा चालणार नाही. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक ठिकाणी सातवी-आठवीला संपते आणि पुढच्या शाळा खासगी अनुदानित असतात. त्यात पुण्या-मुंबईच्या नामांकित शाळाही आल्या. पण ‘पहिली ते सातवी जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा आश्रमशाळेत’ असा निकष लावला तर तलाठ्याच्या दारातली अर्धी गर्दी कमी होईल. जातीनिहाय वेगवेगळी खाती, वेगवेगळी पोर्टलं आणि वेगवेगळ्या मुदती यांचा गुंताही सुटेल. त्याला राजकीय विरोध होईल, हेही उघड आहे. प्रत्येक योजनेला एक महापुरुषाचं नाव आहे आणि एक मतदार.

पैसा आहे का? पाच लाख विद्यार्थ्यांना वर्षाला ६०,००० दिले तर ३,००० कोटी लागतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेची तरतूद ३६,००० कोटी होती. तिच्या बाराव्या भागात हे बसतं. बहिणींचे पैसे काढून घ्या, असं मी म्हणत नाही. राज्याला पैसे थेट खात्यात घालता येतात आणि मनात असलं की महिन्याच्या महिन्याला घालता येतात, एवढं मात्र त्या योजनेने दाखवून दिलंय.

एक धोका खरा आहे: सगळ्या विद्यार्थ्यांच्या हातात पैसा आला की घरमालक भाडं वाढवतात. म्हणून तालुक्याच्या गावी वसतिगृह बांधणंच शहाणपणाचं; शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून हेच केलं. मोठ्या शहरात जागाच मिळत नाही, तिथे रोख.

आणि रक्कम एकदा ठरली की तशीच गोठते, ही आपली जुनी खोड. १९९२ मध्ये राज्याने दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत आल्याबद्दल रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. तेव्हा रुपयाला काहीतरी येत होतं. पुढे पंचवीसहून जास्त वर्षं तो रुपयाच राहिला. स्वाधारचे ६०,००० ठरले २०१६-१७ मध्ये. सात वर्षांनी ओबीसींची आधार योजना आली तेव्हा मोठ्या शहरांसाठी तोच आकडा उतरवून घेतला. त्या सात वर्षांत पुण्यातल्या कॉटचं भाडं आणि मेसचा दर काही तिथेच थांबला नव्हता. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता मात्र जानेवारी आणि जुलैपासून वाढवण्याचं सूत्र आहे. त्याच आदेशात विद्यार्थ्यांच्या निर्वाह भत्त्याची एक ओळ घालायला वेगळी समिती लागणार नाही.